कोर्लई, जयगड आणि दिव्याखालची उभी शिडी: कृपया उद्यापर्यंत उत्तर द्या

कॉलेज रोडहून

नमस्कार मंडळी,

रविवारी अमेरिकेहून नाशिकला पोचलो. २६ला सकाळी कोर्लईचं दीपगृह बघायला निघायचं, तिथून पुढे जयगडचं. चिरंजीवांची उंची अजून ३९ इंचच आहे, त्यामुळे उन्हाळ्यात तिकडच्या दीपगृहांवर आलेली उंचीची अडचण तशीच. गोल जिन्याची काळजी नाही. जिना संपल्यावर दिव्याच्या खोलीत जायला जी उभी लोखंडी शिडी असते, तिचं काय करायचं? मूल झोळीत बांधून न्यायचं की त्याला चढू द्यायचं? झोळी पुढची बरी की पाठीवरची? इथे मिळाली नाही तर मुंबईहून मागवावी लागेल, म्हणून घाई.

पुन: देवळाली कॅम्पहून

वहिनी, झोळी मागवू नका. पुढे बांधली तर चढणाऱ्याला स्वतःची पावलं दिसत नाहीत आणि पोट शिडीपासून वीतभर लांब राहतं, म्हणजे सगळा भार हातांवर. पाठीवर बांधली तर वरच्या झडपेची चौकट मुलाच्या डोक्याला लागते. चढणाऱ्याचं डोकं बाहेर आलं की आपण सुटलो असं वाटतं, पण मूल तेव्हा चौकटीतच असतं.

दोन मोठी माणसं हवीत. एक आधी वर जाऊन झडपेशी बसेल. मूल मधे. दुसरा त्याच्या मागोमाग, दोन्ही हात मुलाच्या कुशीबाहेरून शिडीच्या दांड्यांवर. मुलाला हात धरून ओढायचं नाही, त्याचे हात शिडीवरच राहू द्या. उतरताना चुका जास्त होतात. तोंड शिडीकडेच हवं, खालचा माणूस आधी उतरलेला हवा आणि त्यानं मुलाचा घोटा धरून पाऊल पायरीवर ठेवायचं. लहान मूल पाऊल खाली सोडतं, पण पायरी दिसत नसल्यानं तिथंच लटकतं आणि घाबरून हात सोडतं.

गोल जिनाही सोपा धरू नका. पायरी मधल्या खांबाजवळ अरुंद आणि भिंतीकडे रुंद असते. मूल भिंतीकडून, तुम्ही खांबाकडून. क्रॉक्स नकोत, टाचेला पट्टा असलेले बूट घाला.

पुन: इंदिरानगरहून

शिडीच्या आधी रस्त्याचं बघा. कसारा घाटात मूल ओकलं की पुढचा दिवस गेला. इगतपुरीला समृद्धीवर चढा आणि आमण्याला उतरा. हा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ पासून चालू आहे. त्यात जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे, कसाऱ्याची वळणं लागतच नाहीत. आमण्यानंतर भिवंडी, पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग, रेवदंडा. वडखळला सुट्टीच्या दिवशी गाड्या खोळंबतात. ते टाळायचं तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट, तासाभराचा प्रवास, गाडीसकट. मोटारीची जागा मात्र आधी राखा, २६ला ऐनवेळी मिळणं कठीण.

पुन: पुन: पंचवटीतून

समृद्धी ठीक. पण त्या वेगाच्या रस्त्यावर मूल मांडीवर नको. इथे भाड्याच्या गाडीत तिकडची कार सीट बसवताना दोन गोष्टी नडतात. पहिली सीट कव्हरं. आयसोफिक्सच्या कड्या (ज्यांत मुलाची सीट अडकवतात) आणि पट्ट्याची बकलं त्या जाड कव्हराखाली गडप झालेली असतात. आदल्या संध्याकाळी गाडी दारात मागवा, मागच्या सीटचं कव्हर सोडवा आणि कड्या हातानं चाचपून बघा.

दुसरी गोष्ट पट्ट्याची. अमेरिकेतल्या गाड्यांत मागच्या सीटचा पट्टा पूर्ण ओढला की परत जाताना अडकून घट्ट राहतो. इथल्या बहुतेक गाड्यांत तो फक्त झटका बसला की अडकतो, एरवी सैलच. मग सीट वळणावर डुलते. तुमच्या सीटला स्वतःचा पट्टा-कुलूप नसेल तर धातूची लॉकिंग क्लिप लागते. बकलाच्या जिभेपासून इंचभरावर, खांद्याचा आणि कमरेचा पट्टा एकत्र पकडून लावायची. लावल्यावर सीट पट्ट्यापाशी धरून हलवा. इंचापेक्षा जास्त हलली तर पुन्हा बांधा.

पुन: सहल समितीकडून

मुलांच्या उंचीची चर्चा समितीच्या उन्हाळी टिपणात झालेली आहे, तीच पुन्हा इथे नको. ज्यांना टिपण मिळालं नाही त्यांच्यासाठी एवढंच: अमेरिकेतली हॅटरस आणि बॉडी आयलंड ही दीपगृहं, दोन्हीकडे ४२ इंच, म्हणजे सुमारे १०७ सेंटिमीटर उंची लागते, सगळ्या पायऱ्या मुलानं स्वतः चढायच्या आणि कुणालाही उचलून न्यायला मनाई. बॉडीला २१४ पायऱ्या आहेत. हा नियम तिकडच्या मनोऱ्यांचा आहे, कोर्लईला लागू नाही. पण त्यामागचं कारण सगळीकडे लागू आहे. मूल मधेच दमलं तर अरुंद जिन्यात, वरून उतरणाऱ्यांच्या गर्दीत, त्याला कडेवर घेऊन उतरावं लागतं. देवळालीकरांची शिडीची पद्धत उत्तम आहे, पण दीपगृहावरचा कर्मचारी नको म्हणाला तर तिथंच थांबावं, हुज्जत घालू नये.

पुन: सिडकोहून

नुसतं कोर्लईच का? खांदेरीला जा. तिथल्या बेटावरचं कान्होजी आंग्रे दीपगृह १८६७ सालचं आहे, आणि २०२५ साली जागतिक वारशात गेलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे. आपल्या जिल्ह्यातला साल्हेरही त्याच यादीत आहे, मुलाला ही जोडी सांगता येईल. थळहून होडी ठरवायची. भरती-ओहोटी आधी बघा, वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते.

पुन: पुन: देवळाली कॅम्पहून

खांदेरी मोठ्या मुलांसाठी. होडीत मोठ्यांचं लाइफ जॅकेट चार वर्षांच्या मुलाला घातलं तर पाण्यात ते वर सरकून डोक्यावरून निघतं. दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलं, त्याच्या वजनाचं जॅकेट बरोबर असेल तरच विचार करा.

जयगडही या खेपेला सोडा. १९३२ सालचा बिडाचा मनोरा आहे, बघण्यासारखा नक्कीच. पण किनाऱ्यानं गेलात तर आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा चार फेरीबोटी. प्रत्येक धक्क्यावर वाट बघायची, चार वर्षांच्या मुलाला उन्हात.

त्यापेक्षा कोर्लईला मुक्काम करा. आपण सगळे शिडीवर इतकं लिहितोय, पण मुलाला दीपगृह खरं कळतं ते अंधार पडल्यावर. प्रत्येक दिव्याची लय वेगळी असते, किती चमका आणि किती सेकंदांनी. खलाशी त्यावरूनच ओळखतो की समोर कुठला किनारा आहे. मुलाला मांडीवर घेऊन एका चमकेपासून पुढच्या तशाच चमकेपर्यंत आकडे मोजा, तीनदा मोजून तोच आकडा येतो का बघा. दिवसा वर गेलात तर काचेभोवती पडदे ओढलेले दिसू शकतात. ते का, हे सांगा: भिंग उन्हालाही तसंच गोळा करतं आणि आत आग लागू शकते. भिंगाला बोट लावू देऊ नका.

सज्जात गेलात तर आधी दार धरा. वाऱ्यानं ते आपटतं आणि मुलांची बोटं बिजागरीकडेच असतात. कठड्याच्या आडव्या दांड्या मुलाला शिडीच वाटतात. एका मोठ्या माणसाचे दोन्ही हात मुलाच्या कमरेला, मोबाइल दुसऱ्याकडे.

पुन: इंदिरानगरहून

कोर्लईत शिरल्यावर दीपगृहापर्यंतचा रस्ता अरुंद आहे, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर. इनोव्हा समोरासमोर आल्या की मागे घ्यावी लागते. गाडी गावाबाहेर ठेवून चाललेलं बरं. गावात जुन्या पोर्तुगीजातून आलेली बोली अजून बोलतात, येताजाता कान द्या.

पुन: पंचवटीतून

शिडीचा सराव नाशिकातच होईल. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांचे जिने आठवा: उभे, अंधारे, हाताशी दोर आणि वर झडप. नेमकी तीच रचना. तीन-चार वेळा तोंड पायऱ्यांकडे ठेवून उतरायला लावा, कोणी घोटा धरायचा ते ठरवा. मूल दुसऱ्या खेपेलाही रडलं तर कोर्लईत खालूनच बघा.

पुन: कॉलेज रोडहून

झोळी रद्द. जयगड रद्द. कोर्लईला एक रात्र, सकाळी सहाला निघून समृद्धीनं. क्लिप सीटच्या मागच्या खाचेत सापडली, गाडी २५ला संध्याकाळी दारात येतेय. आता सरावाचं तेवढं राहिलं. पंचवटीत कुणाच्या वाड्याचा झडपवाला जिना अजून शाबूत आहे? बुधवारी दुपारी अर्धा तास पुरेल, किल्ली कुठून घ्यायची तेवढं कळवा.