फिश कंपनीत फिलेट काढायचं काम, जावं का?

खाडीकाठ: रत्नागिरीजवळ एका एक्स्पोर्टवाल्या कंपनीत बायकांची भरती चालू आहे, फिलेट म्हणजे माशाचे बिनकाट्याचे तुकडे काढायला. विळीवर मासे लहानपणापासून कापतेय पण सुरीने कधी नाही, आणि ठेकेदार म्हणतो पगार किलोवर. दिवसभर गारठ्यात उभं राहणं झेपतं का? पोरगी लहान आहे, शिफ्टचंही सांगा.

म्हाकुळ: ताई हात बसायला वेळ लागतो पण बसतो. विळीवर आपण मासा फिरवतो, इथे मासा ट्रेवर आणि सुरी फिरते, कल्ल्यामागे तिरका छेद द्यायचा मग मधल्या काट्याला सुरी चिकटवून शेपटीपर्यंत न्यायची, काट्याला मांस राहिलं की वजन गेलं. सुरमई तांबोशी सोपी, कारण काटा जाड. खरा त्रास बर्फाचा, बोटं इतकी बधीर होतात की कापलेलं कळतच नाही, म्हणून मासा धरायच्या हातात जाळीचा स्टीलचा ग्लोव्ह मागच आणि तो देत नसतील तर जाऊ नकोस. बोथट सुरीनेच हात जास्त कापतो, मनगटही तीच धरवते. माशाचा काटा टोचून बोट लाल झालं, सुजलं तर घरगुती लेप नको, सरळ डॉक्टर.

क्यूसीवाला: बांगड्या अंगठी नेलपॉलिश काहीच चालत नाही, गमबूट, डोक्याला टोपी आणि आत जाताना क्लोरीनच्या पाण्यात हात. सुपरवायझर घाई करतो ते नुसतं टार्गेटसाठी नसतं ओ, बांगडा ट्यूना बर्फाबाहेर राहिला की त्यात हिस्टामाइन नावाचं विषारी द्रव्य तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. म्हणून ट्रेवर ढीग करायचा नाही, थोडे थोडेच घ्यायचे.

जेटीवरचा: पगाराचं आधी स्पष्ट करून घे ताई, किलो कशाचे, अख्ख्या माशाचे की तयार फिलेटचे? सुरमईचं डोकं काटा आतडी गेल्यावर बरंच वजन कमी होतं, इथेच बायका फसतात. आणि काम किलोवर असलं तरी किमान वेतनाच्या खाली देता येत नाही, ते ठेकेदाराला माहीत असतं पण सांगत नाही. माल येईल तशी शिफ्ट, कधी रात्रीही बोलावतात, म्हणून पोरीला कोण बघणार ते आधी ठरव. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा काम देणार का?

खाडीकाठ: किलोचं डोक्यातच नव्हतं माझ्या. सासूबाई पोरीला बघतील, रात्रीचं मात्र जमणार नाही, तसं सांगून बघते. पीएफ, ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) ठेकेदाराकडे मागायचं की कंपनीकडे?

जेटीवरचा: दोघांनाही विचार. ठेकेदाराने नाही भरलं तर जबाबदारी कंपनीवर येते.