आपले चारपायी (बी आणि सी विंग): थायरॉइडचा रिपोर्ट

शलाका, बी-३०४: ब्रूनोचा रिपोर्ट आलाय. लॅब्रॅडोर, ६ वर्षं, ३८ किलो. टी-४ (थायरॉइडचं हार्मोन) २.१, शेजारी लाल अक्षरात ‘लो’. टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला चालना देणारं हार्मोन) ०.०१, तोही ‘लो’. कोलेस्टेरॉल २६०, ‘हाय’. पाठीवरचे केस गेलेत, सुस्त असतो. थायरॉइडच ना? गोळी आजच सुरू करू का?

निखिल, सी-१०१ (लॅब): ताई, थांबा. रिपोर्टच्या उजव्या बाजूला ‘नॉर्मल रेंज’चा रकाना आहे, त्यात टी-४ ला ५ ते १२ असं काही छापलंय का?

शलाका: हो, ५.१ पासून आहे.

निखिल: मग ही माणसांची रेंज आहे. कुत्र्यात टी-४ साधारण १ ते ४ मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटर असतो, त्यामुळे २.१ अगदी मधोमध येतो. टी-४ चा रेणू माणसात आणि कुत्र्यात एकच, म्हणून आकडा बरोबर असू शकतो, तुलना चुकली. टीएसएचचं वेगळं आहे. कुत्र्याचा टीएसएच माणसांच्या किटला जवळजवळ दिसतच नाही. तो ०.०१ म्हणजे ‘कमी’ नाही, ‘मोजलाच नाही’ असं समजा. कुत्र्यासाठीचं किट असलेल्या लॅबमध्येच करावा लागतो. कोलेस्टेरॉलही तसंच, कुत्र्यात ३०० च्या आत सहसा काळजी नसते.

डॉ. विनया, सी-६०२: निखिलचं सगळं बरोबर. शलाका, दोन प्रश्न. ब्रूनो खाजवतो का? आणि सध्या कुठली औषधं चालू आहेत?

शलाका: खूप खाजवतो. त्यासाठी प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) दिलंय, ३ आठवडे झाले.

डॉ. विनया: मग हा तपास आत्ता करायलाच नको होता. स्टेरॉइडने टी-४ खाली जातो, फिनोबार्बिटोननेही (फिटच्या कुत्र्यांना देतात ते). सल्फाची औषधं काही आठवडे चालली तर ग्रंथीचं काम खरोखरच मंदावतं, बंद केल्यावर पूर्ववत होतं. आणि कुठलाही मोठा आजार असला तरी टी-४ घसरतो, ग्रंथी ठणठणीत असूनही. म्हणून नुसत्या कमी टी-४ वर निदान करत नाहीत. उलट टी-४ मधोमध आला तर थायरॉइड बहुतेक नाहीच. स्टेरॉइड असूनही ब्रूनोचा २.१ आहे, हे चांगलंच म्हणायचं.

थायरॉइडची केसगळती सहसा खाजत नाही. मागून जंतुसंसर्ग झाला तरच खाज येते. दोन्ही कुशींवर सारखे केस जातात, पट्ट्याखाली मान उघडी पडते, नाकाच्या दांड्यावर टक्कल, शेपूट उंदराच्या शेपटीसारखी दिसते. कातडी जाडसर, काळपट होते. खाणं तेवढंच असून वजन वाढतं, कुत्रा उन्हाची जागा शोधत बसतो. ब्रूनोला आधी कातडी खरवडून माइट्स आणि टेप लावून यीस्ट, जिवाणू बघायला सांगा. पाणी खूप पीत असेल आणि पोट सुटलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. तो स्टेरॉइडचाच परिणाम असू शकतो किंवा कुशिंग नावाचा दुसराच आजार.

देशमुख काका, बी-५०१ (मेडिकल): थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) खरंच लिहून दिलं तर डोस बघून घाबरू नका. कुत्र्याला किलोला २० मायक्रोग्रॅम, दिवसातून २ वेळा. ३८ किलोला एका वेळी ७६०, म्हणजे १०० च्या साधारण साडेसात गोळ्या. माणसाला अख्ख्या दिवसाला १०० ते १२५ पुरतात, त्यामुळे काउंटरवरचा मुलगा ‘चुकून लिहिलंय’ म्हणून कमी देतो. चिठ्ठीवर ‘कुत्रा, ३८ किलो’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि घरच्या कुणाच्या डबीतून स्वतःहून सुरू करू नका.

डॉ. विनया: काका, बरोबर. हृदयाचा त्रास किंवा मधुमेह असेल तर मात्र कमी डोसपासून सुरुवात करतात.

सुमेध, बी-७०३: आमच्याकडे कारवानी आहे. त्यालाही हीच रेंज धरायची?

डॉ. विनया: ग्रेहाउंडसारख्या सडपातळ शिकारी कुत्र्यांचा टी-४ निरोगी असतानाही कमी येतो. कारवानीही त्याच बांध्याचा, म्हणून रक्त देताना फॉर्मवर जात जरूर लिहा.

शलाका: मग पुढे काय करू?

डॉ. विनया: प्रेडनिसोलोन एकदम बंद करू नका. डॉक्टर हळूहळू कमी करतील. शेवटच्या गोळीनंतर ६ आठवडे जाऊ द्या. तरीही शंका राहिली तर टी-४, कुत्र्याचा टीएसएच आणि डायलिसिस पद्धतीचा फ्री टी-४ (रक्तातल्या प्रथिनांना न चिकटलेला, मोकळा टी-४) एकाच नमुन्यातून करा. टी-४ १ च्या खाली आणि टीएसएच ०.६ च्या वर, शिवाय लक्षणं जुळली, तर निदान जवळपास पक्कं. टीएसएच नॉर्मल आला तरी आजार नाहीच असं नाही, आजारी असलेल्या साधारण चारांत एकाचा नॉर्मल येतो. तेव्हा फ्री टी-४ कामाला येतो.

निखिल: रक्त साध्या लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये, १० तास उपाशी ठेवून. पाणी चालेल. जेवून आलेल्या कुत्र्याचं सीरम दुधासारखं दिसतं, मग कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड धड कळत नाहीत. फ्री टी-४ चा नमुना बर्फाच्या पाऊचमध्ये पाठवायला सांगा.