मारहाण जमातीत ‘मिटवायची’ की थांबवायची?

नसीम_स (धागाकर्ती)
दोन दिवसांपूर्वीची एक पोस्ट बऱ्याच जणांनी पुढे पाठवली आहे. तिचं सार असं: मुस्लिम घरात नवरा हात उचलत असेल, तर बाईने आधी जमातीकडे, म्हणजे मोहल्ल्यातल्या समाजाच्या पंचांकडे जावं. जमातीने दोघांना समोरासमोर बसवून तीन बैठका घ्याव्यात. तोवर पोलीस नकोत, कारण पोलीस आले की घर मोडतं.

घर मारण्याने मोडतं, पोलिसांमुळे नाही. आणि समोरासमोर बसवणं हीच पहिली घोडचूक. जिला रात्री त्याच्याच घरी परतायचंय, ती पाच पुरुषांपुढे काय सांगणार? ‘कधीतरी रागात होतं’, एवढंच. जास्त बोलली तर घरी गेल्यावर त्याची वसुली होते. मग सुलहनामा, म्हणजे समेटाचा कागद लिहितात: नवरा मारणार नाही, बायको उलट बोलणार नाही. म्हणजे मारणं आणि उलट बोलणं सारखेच गुन्हे! कागदाची प्रतही तिला देत नाहीत. पुढच्या वेळी आधी काय ठरलं होतं, याचा पुरावा तिच्याकडे नसतोच.

कुराणातल्या सूरा निसाच्या ३५व्या आयतीचा आधार सांगतात. तिथे एक पंच त्याच्या घरचा आणि एक तिच्या घरचा, असं स्पष्ट आहे. पाचही जण नवऱ्याच्या मोहल्ल्यातले असतील तर त्या आयतीचं पालन कुठे झालं?

अन्वर_मु
असहमत. रात्री ठाण्यात गेलेल्या बाईच्या हाती बहुतेक वेळा काय पडतं? अदखलपात्र नोंद आणि ‘सकाळी या’. सकाळी महिला कक्षात समुपदेशन, तिथेही दोघांना एकाच बाकावर बसवतात. मग झोडपायला जमातच का सापडते?

दुसरं. आपल्या वस्तीतला माणूस पोलिसांच्या हाती गेला की त्याचं काय होईल, ही भीती बायकोलाही असते, आणि ती उगाच नाही. तो आत गेला तर चूलही बंद. म्हणून ती तोंडच उघडत नाही. इमामसाहेबांकडे मात्र येते. हा दरवाजा बंद केलात तर ती कुठेच जाणार नाही.

मेधा_कोर्टकचेरी
तुम्ही दोघं पोलीस की जमात यातच अडकलात. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा मुळात दिवाणी स्वरूपाचा आहे. अटक नको, मार थांबायला हवा आणि छप्पर राहायला हवं, असं म्हणणाऱ्या बाईसाठीच तो आहे. कलम १२ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. कलम १८ खाली संरक्षण आदेश, १९ खाली राहत्या घराचा, २० खाली पैशांचा, २१ खाली मुलांच्या ताब्याचा. परिस्थिती गंभीर असेल तर कलम २३ खाली शपथपत्रावर एकतर्फी आदेशही मिळतो. पोलीस येतात ते संरक्षण आदेश मोडल्यावर: कलम ३१, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या सतीश चंदर आहुजा निकालानंतर ‘तुझा हक्कच नाही’ असं कुणाला म्हणता येत नाही.

समुपदेशनाचंही ऐका. याच कायद्याच्या २००६ च्या नियमावलीतला नियम १४ सांगतो की मारहाणीचं समर्थन करायला सामनेवाल्याला मुभाच नाही, आणि पुन्हा करणार नाही अशी हमी त्याने द्यायची. जमातीत पहिला प्रश्न असतो, ‘तू असं काय केलंस?’

आणि माझा खरा संताप: कायदा म्हणतो पहिली तारीख तीन दिवसांत, निकाल साठ दिवसांत. प्रत्यक्षात या कायद्याखाली बाईला मदत करायला नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे तीन खात्यांचा कार्यभार, त्याने हिंसेची नोंद करायचा घटना अहवाल अर्धा भरलेला, नोटीस नवऱ्यापर्यंत पोचलेलीच नाही. तारखांवर तारखा. ते पद पूर्णवेळ भरा, मग कायदा चालत नाही म्हणा.

प्रभाकर७१
मूळ धर्मात आहे, ते कुणी बोलत नाही. समान नागरी कायदा आणा, प्रश्न सुटेल.

नसीम_स
प्रभाकरजी, मेधाताईंनी वर लिहिलेला कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून सगळ्या धर्मांच्या बायकांना सारखाच लागू आहे. तुम्ही तो वाचलाही नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशभरातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहितांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याची हिंसा सोसल्याचं नोंदवलंय. त्या सगळ्या काय मुस्लिम आहेत? तुमच्यासारखे प्रतिसाद आले की जमातवाले म्हणतात, ‘बघा, बाहेर बोललं की धर्मावर येतात’, आणि बाईचं तोंड पुन्हा बंद होतं. तुम्ही तिला मदत करत नाही आहात.

प्रभाकर७१
तो कायदा सर्वांना आहे, मान्य. पण तलाक आणि पोटगीचं काय?

साकिब_ह
पोटगीचा मुद्दा १० जुलै २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मिटलाय. तलाकशुदा मुस्लिम बाई जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली, म्हणजे आताच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, मागू शकते.

पण हे सगळं मार खाल्ल्यानंतरचं. प्रतिबंध निकाहनाम्यात, म्हणजे लग्नाच्या करारात आहे आणि तिथेच आपण झोपतो. मेहर, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम, नावापुरता, तोही उधार. अटींची जागा कोरी. हात उचलला, खर्च बंद केला किंवा दुसरं लग्न केलं, तर तलाकचा अधिकार बायकोकडे, ही तफवीजची (अधिकार सोपवण्याची) अट हनफी फिकहमध्ये, म्हणजे हनफी पंथाच्या धर्मशास्त्रात जुनीच आहे. पाकिस्तान आणि बांगलादेशात छापील निकाहनाम्यात त्यासाठी १८वा रकाना आहे.

मेधा_कोर्टकचेरी
आणि तो रकाना नवरीने बघण्याआधीच आडवी रेघ मारून रद्द केला जातो, ही पाकिस्तानातली जुनी तक्रार आहे. रकाना असून भागत नाही. अट मोघम लिहिली की कोर्टात लटकते. ‘वाईट वागला तर’ असं लिहू नका. कोणती घटना, पुरावा काय चालेल (रुग्णालयाचा कागद, घटना अहवाल), अधिकार कुणासमोर आणि कसा वापरायचा, हे लिहा. आणि अधिकार एकदाच वापरायचा की ‘केव्हाही’, हेही. तो शब्द लिहायचा राहून गेला तर ‘तेव्हाच का वापरला नाही’ हा बचाव तयारच असतो.

अन्वर_मु
लग्नाच्या दिवशी मुलीच्या बापाने अशी अट काढली तर वरात परत जाईल. तुम्ही कागदावर बोलताय.

साकिब_ह
म्हणून त्या दिवशी काढायचीच नाही. मंगनीच्या वेळी मसुदा द्या, काझींना आधी दाखवा. मारणार नाही असं लिहून द्यायला जो बिचकतो, त्याच्याबद्दल त्याच दिवशी कळलं की बरंच झालं.

नसीम_स
मेहराचं निघालंच आहे तर अन्वरभाई, याचं उत्तर द्या. मार खाणाऱ्या बाईला जमात ‘खुला घे’ का सांगते? खुला म्हणजे बायकोने मागून घेतलेली फारकत, आणि त्यात ती मेहर सोडते. तो तलाक देत नाही, कारण दिला तर मेहर द्यावा लागेल. म्हणजे मारणारा फुकटात सुटतो. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात क्रूरता हे विवाहविच्छेदाचं कारण आहे, आणि कलम ५ मुळे त्या वाटेने मेहराचा हक्क शाबूत राहतो. हे तिला बैठकीत कोण सांगतं?

अन्वर_मु
कोर्टात वर्षं जातात, खुला लवकर होतो. बाईलाच मोकळं व्हायचं असतं.

नसीम_स
मग तिला दोन्ही वाटा सांगा आणि निवडू द्या. तिच्या घाईचा फायदा नवऱ्याला मिळवून देणं याला सुलह म्हणू नका!

अन्वर_मु
आवाज चढवू नका. दोन्ही वाटा सांगाव्यात, हे मानतो. स्वतंत्र बैठक आणि प्रत देणं हेही जमण्यासारखं आहे. पण तिला न विचारता पोलिसांना फोन करणं मला मान्य नाही.

मेधा_कोर्टकचेरी
बहुतेक प्रकरणांत मलाही नाही. पण बैठकीआधी तिला एकटीला चार प्रश्न विचारा: गळा दाबला का, हत्यार दाखवलं का, गरोदर असताना मारलं का, सोडून गेलीस तर जीव घेईन म्हणाला का. एकाचंही उत्तर ‘हो’ आलं की सुलह बंद. गळा दाबल्याच्या खुणा बाहेर दिसतीलच असं नाही. आवाज बसतो, गिळताना दुखतं आणि काही तासांनी, कधी दिवसांनीही प्रकृती अचानक बिघडते. तिला आधी रुग्णालयात न्या आणि मारहाण झाल्याचं केसपेपरवर लिहून घ्या. मुंबईत पालिकेच्या रुग्णालयांत ‘दिलासा’ केंद्रं आहेत. ठाण्याची पायरी न चढता तिथे बोलता येतं. बाहेर १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन, आणि जीवावर बेतलं असेल तर ११२. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील बाईला उत्पन्न न बघता मोफत मिळतो.

निकाहनाम्याची प्रत, आधार, रेशनकार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले तिच्या विश्वासातल्या घरी आधीच ठेवा. निघाल्यानंतरचे काही आठवडे सर्वात धोक्याचे. त्या काळात तिचा पत्ता जमातीच्या कुठल्याही वहीत लिहू नका.

अन्वर_मु
वहीचा मुद्दा खरा आहे, ती वही सगळ्यांच्या हाती असते. पण हे चार प्रश्न विचारणार कोण? मौलानांना बाई हे सांगणार नाही.

नसीम_स
कमिटीत दोन बायका घ्या. नवऱ्याच्या नात्यातल्या नकोत.

अन्वर_मु
कमिटी याला तयार होईल असं वाटत नाही. पण शुक्रवारी मांडतो.