बी१२ कमी म्हणजे डीएनएची पण वाट लागते?

कृष्णाकाठचा (सांगली): सौ.चं बी१२ १३० आलंय, म्हणजे कमीच. डॉक्टर म्हणाले नुसता थकवा नाही हा, पेशीतल्या डीएनएचं पण नुकसान होतं, मग मी रात्री वाचत बसलो. डीएनएत थायमिन नावाचं एक अक्षर असतं (बी१ वालं थायामिन वेगळं, मी पण आधी गंडलो), ते बनवायला फोलेट (बी९ जीवनसत्त्व) लागतं, फोलेट कमी पडलं की त्या जागी युरॅसिल हे चुकीचं अक्षर घुसतं, पेशी ते कापून काढते आणि समोरासमोरच्या दोन्ही धाग्यांवर अशी कापाकापी झाली की क्रोमोसोमच तुटतो. बी१२ नसेल तर फोलेट असून अडकून बसतं. माझं मत, शाकाहारी घरात टेस्ट व्हायलाच पायजे.

बेदाणावाला: काय राव, आमची आजी नव्वदी पार करून गेली, भाकरी-पिठलं आन् ताकावर. डीएनए रोजच तुटतो आन् शरीर तो रोज सांधतं. भीती घालायची, टेस्ट करायला लावायची, गोळ्या खपवायच्या, लई जुना धंदा हाय हा!

मिरजेची लॅबवाली: दादा, आजी ताक पीत होत्या ना, त्यात बी१२ असतंच की. आता दूध चहापुरतं. आणि हे नवीन फॅड नाही, १९२८ नंतर लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत गिरणीतल्या गरोदर बायकांचा ॲनिमिया बघत होत्या, तो यीस्टच्या अर्काने, मार्माइटने, बरा व्हायचा. त्या अर्कातल्या घटकाला फोलेट हे नाव नंतर आलं. सांधायला तर लागतंच, पण सांधतानाच परत युरॅसिल बसत असेल तर? १९९७ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात फोलेट कमी असलेल्यांच्या डीएनएत युरॅसिल जास्त सापडलं, तुटके तुकडे म्हणजे मायक्रोन्यूक्लियस पण जास्त, आणि फोलेट दिल्यावर दोन्ही उतरलं.

सातारी कंदी: ताई, हे कमी असणाऱ्यांचं झालं. ज्याला कमी नाही तो पण मूठभर गोळ्या खातोय त्याचं काय? फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांना बीटाकॅरोटीन (गाजरातलं, शरीरात ए जीवनसत्त्व बनणारं) दिलं, १९९४ ला निकाल आला तर फुप्फुसाचा कॅन्सर उलट वाढलेला.

मिरजेची लॅबवाली: मान्य. म्हणून तर आधी टेस्ट. नुसतं फॉलिक ॲसिड, म्हणजे गोळीतलं फोलेट, पण स्वतःच्या मनानं घेऊ नका, रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि बी१२ अभावी नसा आतून खराब होतच राहतात.

बेदाणावाला: बरं, टेस्टचं मानलं. गोळ्यांचं नाही.

कृष्णाकाठचा: आमच्याकडं इंजेक्शन चालू झालंय. अंडं खायला पण तयार झाली, फक्त पातेलं वेगळं, आणि ते मी घासायचं.