पंप असेंब्ली: ६ माणसांत ४३० नग निघतील का?

लाइन_इन्चार्ज: नमस्कार मंडळी. अर्धा एचपी मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर) पंपाची हातानं चालणारी लाइन आहे. ६ टेबलं, ६ माणसं. शिफ्ट ८ तासांची, त्यात जेवण ३० मिनिटं आणि चहा दोनदा १०-१० मिनिटं. मागणी ४३० ची, निघतात २९०. टेबलवार वेळ सेकंदांत: ३८, ५५, ७८, ४८, ५०, ४५. तिसऱ्यावर पूर्ण मेकॅनिकल सील (शाफ्टजवळून पाणी गळू न देणारा भाग), इम्पेलर (पाणी ढकलणारं चाक) आणि नट. आणखी दोन माणसं मागावीत का?

टाइमस्टडी: आत्ताच नको. हातात २५,८०० सेकंद आहेत, म्हणजे ४३० नगांना टॅक्ट (मागणी भागवायला एका नगाला मिळणारा वेळ) ६० सेकंद. एकूण काम ३१४ सेकंदांचं, त्याला सहा माणसं पुरतात. अडलंय तिसऱ्या टेबलावर. ७८ सेकंदांना एक नग म्हटल्यावर लाइन ३३० च्या वर जाणारच नाही. दुसऱ्या टेबलांवर माणसं वाढवलीत तर मधले ढीग तेवढे वाढतील.

तिसऱ्या टेबलाचा १० नगांचा व्हिडिओ घ्या आणि काम तोडून लिहा: नट उचलणे, पाना घेणे, मागे वळणे, सगळं. सीलची सिरॅमिक सीट (सीलची न फिरणारी रिंग) ब्रॅकेटमध्ये (मोटर आणि पंप जोडणाऱ्या भागात) दाबायला १८ सेकंद जात असतील, तर ब्रॅकेट सुटा असतानाच ते पहिल्या टेबलावर उरका. पहिलं ५६, तिसरं ६०. नट-वॉशर समोर उतरत्या बिनमध्ये आणि नटरनर (नट आवळायचं यंत्र) वजन तोलणाऱ्या स्प्रिंग बॅलन्सरला टांगलेला असला की आणखी ५-६ सेकंद सुटतात. मग लाइन ५६ वर येते, कागदावर ४६० नग.

सील_गळती: सीट आधी बसवणार असाल तर जपा. शाफ्ट आत घालताना त्याची कड सिरॅमिकला लागली की कपचा उडतो, आणि तो कळतो थेट टेस्टिंगला. शाफ्टच्या टोकावर निमुळती प्लास्टिकची टोपी घाला. सीट दाबायला नायलॉनचा सपाट पंच, हातोडी अजिबात नको. सीलच्या घासणाऱ्या फेसला (पृष्ठभागाला) बोट लावू नका; ब्रॅकेट झाकलेल्या ट्रेमधूनच पुढे द्या. सीलचं रबर ईपीडीएम जातीचं असेल तर साबणाचं पाणी वापरा, तेल-ग्रीसनं ते फुगतं. आणि टेस्टिंगला पंप कोरडा चालवू नका, फेस जळतात.

लाइन_इन्चार्ज: धन्यवाद. पण ३३० शक्य असताना आज २९० च का?

टाइमस्टडी: ४० नग गुणिले ७८, म्हणजे तिसरं टेबल रोज ५२ मिनिटं थांबतंय. तिथेच पाटी लावा, प्रत्येक थांब्याची वेळ आणि कारण लिहा. गळके पंप दुरुस्तीला तिसऱ्यावर परत येत असतील तर आधी ते बंद करा, त्यांना वेगळं टेबल द्या. बदल होईपर्यंत चहाच्या वेळी तिथे बदली माणूस बसवा आणि त्याच्यापुढे ८ नग तयार ठेवा. दोन चहांत १५ नग जास्त निघतात. चौथ्याच्या आधी तेवढीच जागा मोकळी हवी, नाहीतर तयार झालेले नग ठेवायचे कुठे?