येऊरच्या पानांचा चहा: उकळल्याने विष जात नाही

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातून पानं आणून चहा करण्याच्या चर्चेत कोणीतरी लिहिलंय की रानातली पानं 'नीट उकळली की काही होत नाही'. हे फार धोक्याचं आहे. उकळल्याने पाण्यातले जंतू मरतात, झाडातलं विष जाईलच असं नाही. कण्हेरीचं उदाहरण घ्या. रस्त्याच्या दुभाजकांत सर्रास लावतात ती. लांब, चिवट पानं, एका पेराला बहुधा तीन. काढा कितीही आटवला तरी तिचं हृदयावर परिणाम करणारं विष नाहीसं होत नाही. बिट्टी, धोतरा यांनाही हात लावू नका.

ओळख पक्की असलेलंच वापरा. गवती चहाचं पातं धारदार असतं, चुरगळलं की लिंबासारखा वास येतो. पण नुसत्या वासावर कोणतंच झाड खाण्याजोगं ठरवू नका, जाणकाराला दाखवा.

चहासाठी ओढ्याचं पाणी असेल तर नुसती वाफ दिसून भागत नाही. आधी गाळा, मग खळखळून उकळी आल्यावर निदान 1 मिनिट तसंच राहू द्या. कारखान्याचं सांडपाणी किंवा फवारणीचं औषध उतरलेलं पाणी मात्र उकळूनही पिण्यालायक होत नाही. तुळस-पुदिना गॅस बंद केल्यावर टाका आणि 5-7 मिनिटं झाकून ठेवा, नाहीतर सुगंध वाफेबरोबर उडून जातो.

आणि हो, येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथून पाला तोडून आणणं कायद्याने मना आहे. गवती चहा गॅलरीतल्या कुंडीतही छान फोफावतो, मुळासकट एक ठोंब लावा.