देवस्थानाच्या संकेतस्थळासाठी सुगम्यतेचे (दिव्यांगांनाही वापरता येण्याचे) कोणते निकष धरावेत?

प्रश्न (फोंडा):
आमच्या देवस्थानाचे नवे संकेतस्थळ तयार होत असून त्यावर जत्रेचा कार्यक्रम, अभिषेकाची पावती आणि अग्रशाळेतील (भक्तनिवासातील) खोल्यांची नोंदणी एवढ्या सोयी असतील. आमच्या महाजनांपैकी (देवस्थानाच्या परंपरागत सभासदांपैकी) एक गृहस्थ दृष्टिहीन आहेत. जुन्या संकेतस्थळावर जत्रेची पत्रिका छायाचित्र म्हणून चढवलेली असल्यामुळे मोबाईल त्यांना ‘प्रतिमा’ एवढेच वाचून दाखवी. आता काम करणाऱ्या मंडळींचे म्हणणे असे, की अक्षरे लहानमोठी करणारे आणि रंग बदलणारे एक बटण कोपऱ्यात बसवले म्हणजे मानकांची पूर्तता झाली. हे खरे आहे काय? शिवाय खासगी संस्थेला यासंबंधीचा कायदा लागू होतो का?

उत्तर १ (पणजी):
खरे नाही. असे बटण वरवरचे असते; खालची मांडणी सदोष असेल तर वाचक-प्रणालीला (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. जगभर आधारभूत मानली जाणारी मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची ‘डब्ल्यूसीएजी’, त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. त्यांत ए, डबल ए आणि ट्रिपल ए अशा तीन पातळ्या असून करारात ‘डबल ए’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. त्या पातळीवर साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५:१ असावा लागतो, म्हणजे केशरी पट्टीवर पिवळी अक्षरे, जी आपल्याकडे फार आवडीची आहेत, ती बाद होतात. पत्रिकेचा मजकूरही चित्रात न ठेवता मजकूर म्हणूनच द्यावा लागतो. खोल्यांच्या नोंदणीची परीक्षा सोपी आहे: माउस काढून ठेवा आणि केवळ कळफलकाने तारीख निवडून पावतीपर्यंत पोहोचता येते का ते पाहा. बहुतेक ठिकाणी गाडी तारखेच्या चौकटीतच अडते.

उत्तर २ (म्हापसा):
भाषेचा मुद्दा राहिला, आणि गोव्यात तोच सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. मराठी आणि कोकणी दोन्ही देवनागरीत असल्यामुळे केवळ लिपीवरून भाषा ओळखता येत नाही. म्हणून पानाच्या संकेतात (कोडमध्ये) मराठीसाठी ‘एमआर’ आणि मध्येच येणाऱ्या कोकणी परिच्छेदासाठी ‘केओके’ अशी खूण करावी. पहिली अपेक्षा ए पातळीची, दुसरी डबल ए पातळीची आहे. खूणच नसेल तर वाचक-प्रणाली चुकीचा आवाज निवडू शकते आणि मग साधे ‘पालखी’ही ओळखू येत नाही.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. देवस्थानाची जुनी परिपत्रके पीडीएफ स्वरूपात आहेत आणि ती जुन्या छपाईच्या फाँटमध्ये टंकलेली आहेत. ती तशीच चढवली तर चालतील काय?

उत्तर २ (म्हापसा):
चालणार नाहीत. त्या फाँटमध्ये डोळ्यांना देवनागरी दिसते, पण आत बहुधा रोमन चिन्हे साठवलेली असतात, आणि वाचक-प्रणाली तीच उच्चारते. युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत) रूपांतर करावे आणि जोडाक्षरे माणसाकडून तपासून घ्यावीत.

उत्तर ३ (मडगाव):
कायद्याविषयी: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४६ मध्ये सेवा देणारी संस्था सरकारी असो वा खासगी, तिला सुगम्यतेचे नियम लागू केले आहेत. माहिती तंत्रज्ञानासाठी भारतीय मानक आयएस १७८०२ आहे. सरकारी संकेतस्थळांसाठी वेगळी ‘जीआयजीडब्ल्यू’ तत्त्वे आहेत, ती तुम्हाला थेट लागू नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अधिनियमाखालील नियमांपैकी नियम १५(१) मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवला, कारण त्यातील निकष केवळ शिफारशींसारखे उरले होते, आणि सक्तीचे निकष आखण्यास केंद्र सरकारला सांगितले. तेव्हा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी त्या महाजनांना त्यांच्याच मोबाईलवरून एक खोली स्वतः नोंदवू द्यावी आणि ती अट करारातच घालावी.